पार्ट तोच, माप वेगळं काहून? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात मी एवढंच लिहिलं होतं की आता बऱ्याच कारखान्यांत गाडीचा पार्ट लाइनवरून उचलून सीएमएमच्या, म्हणजे भोकं-कडांची जागा एक्स-वाय-झेडमध्ये मोजणाऱ्या यंत्राच्या, रूममध्ये न्यायच्या ऐवजी रोबोटच्या हाताला स्कॅनर लावून जागेवरच मोजतात, आणि त्यात सगळ्यात नाजूक काम असतं जुळवायचं, म्हणजे रोबोटचं एक्स-वाय-झेड आणि गाडीच्या ड्रॉइंगमधलं एक्स-वाय-झेड एक करायचं. त्यावर प्रश्न लय आले, आणि बरेचसे खेड्यातून नोकरीला गेलेल्या पोरापोरींचे आहेत याचा मला खूप आनंद झाला. मी वीसेक वर्षं मोजमापाच्या खोलीतच काढली, आता हिंगणघाटजवळ गावी राहतो. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली कारण अर्ध्या पत्रांचं मूळ तेच आहे.

प्रश्न : सर नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला, डिप्लोमा झाल्यावर बुटीबोरीकडे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. मागच्या वर्षी आमच्याकडे रोबोट सेल (रोबोट अन् त्याची मोजायची जागा) आला, हाताला लेझर स्कॅनर आहे. पार्ट म्हणजे मागच्या चाकाजवळचा लांब क्रॉस मेंबर, १२०० मिमीचा. सीएमएमवर तो सगळा ओके येते अन् रोबोटवर पिनच्या बाजूनं ओके पण दुसऱ्या टोकाला झेडमध्ये ०.९ मिमी खाली दाखवते. सेल बसवून देणारा म्हणते प्रोग्राम बरोबर आहे, साहेब म्हणतात पार्टच खराब आहे. यूजर फ्रेम (पार्टचा शून्य कुठं अन् दिशा कुठल्या हे रोबोटला सांगणारी चौकट) कशी शिकवली त्याचा फोटो सोबत पाठवला आहे. काहून होत असंन जी हे?

उत्तर : भाऊ, फोटो पाठवला हे फार चांगलं केलं, अर्धं उत्तर त्यातच आहे, पण ते सांगायच्या आधी हा घोळ कुठं राहतो ते समजून घ्या नाहीतर उद्या दुसऱ्या पार्टवर पुन्हा तेच होईल.

आपल्याकडे वावराची जागा कशी सांगतात? एकजण म्हणतो विहिरीपासून वीस पावलं उगवतीकडं, दुसरा म्हणतो पांदणीवरून आलं की कडुनिंबापासून दहा पावलं खाली. दोघंही खरं बोलतात, जागाही एकच आहे, पण विहीर अन् कडुनिंब यांचं एकमेकांशी नातं माहीत नसेल तर दोघांचे आकडे एका कागदावर मांडता येत नाहीत. तुमच्या सेलमध्ये अशा चार विहिरी आहेत. एक रोबोटच्या बुडाशी, तिला बेस म्हणतात. दुसरी स्कॅनरच्या आत, स्कॅनर प्रत्येक बिंदू स्वतःपासून मोजतो. तिसरी फिक्चरवर, जिथं पार्ट बसतो. आणि चौथी गाडीची स्वतःची, जिला शॉपवर कार लाइन म्हणतात, बऱ्याच कंपन्यांत तिचा शून्य पुढच्या अॅक्सलच्या मध्याजवळ धरतात, एक्स समोरून मागे, वाय आडवा, झेड वर. म्हणूनच तुमच्या मागच्या क्रॉस मेंबरच्या ड्रॉइंगवर एक्सचे आकडे अडीच हजारांच्या आसपास दिसतात, पार्ट सव्वा मीटरचा असला तरी.

या चौघींना जोडणारा प्रत्येक दुवा म्हणजे तीन सरकणं आणि तीन फिरणं, सहा आकडे. सरकण्याचे तीन चुकले तर सगळा रिपोर्ट एकसारखा चुकतो आणि लगेच लक्षात येतं. फिरण्याचे चुकले की जवळ बरोबर अन् लांब चूक असं दिसतं, तुमचंच चित्र.

आता आधी दोन परीक्षा करा, दोन्हीला मिळून अर्धा तास पुरे. पहिली म्हणजे अंतराची. पार्टवरची पाचसहा भोकं घ्या, एका रेषेत नसलेली, आणि प्रत्येक जोडीमधलं सरळ अंतर सीएमएमच्या आकड्यांवरून काढा अन् रोबोटच्या आकड्यांवरूनही काढा. तीन फरकांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, शाळेतलंच गणित आहे. अंतराला कुठला एक्स अन् कुठला वाय याच्याशी काही घेणं नसतं, तुम्ही विहिरीपासून मोजा की कडुनिंबापासून, दोन खुंट्यांमधलं अंतर तेच. म्हणून अंतरं जुळली आणि आकडे जुळले नाहीत तर स्कॅनर ठीक आहे, जुळवणी चुकली. अंतरंच जुळली नाहीत तर फ्रेम कितीही वेळा शिकवा, काही होणार नाही, मंग दोष रोबोटच्या हालचालीत, टीसीपीत, म्हणजे हाताच्या टोकाशी स्कॅनर नेमका कुठं आहे त्या आकड्यांत, किंवा तापमानात शोधायचा. पण या परीक्षेला एक गोष्ट दिसत नाही ती लक्षात ठेवा : ११०० मिमी लांबीचं टोक ०.९ नं खाली वाकलं तरी त्या लांबीत अर्ध्या मायक्रॉनचाही फरक पडत नाही, म्हणून नुसत्या लांबीच्या जोड्या घेऊन समाधान मानू नका, उंचावरचं एखादं भोक त्यात आलंच पाहिजे.

दुसरी परीक्षा वहीवर करायची. पिनपासून टोकापर्यंत सातआठ जागी रोबोट आणि सीएमएमच्या झेडमधला फरक काढा आणि ग्राफवर टिंब द्या. टिंबं सरळ रेषेत उतरत गेली, पिनजवळ शून्य, मधोमध ०.४५, टोकाला ०.९, तर फ्रेम कललेली आहे. मध्येच कुठंतरी वाक आला तर पार्ट क्लॅम्पखाली वाकतो आहे किंवा सीएमएमवर वेगळ्या तऱ्हेनं टेकवला आहे.

माझा अंदाज विचाराल तर सरळ रेषाच येईल, कारण तुमच्या फोटोत फ्रेमचे तिन्ही बिंदू पिनच्या ठोकळ्यावरच घेतले आहेत, एकमेकांपासून फारतर १२० मिमी, आणि तेही टोकदार पॉइंटर डोळ्यानं टेकवून. डोळ्यानं टेकवताना ०.१ मिमी इकडेतिकडे होतंच, कुणाच्याही हातून होतं. १२० मिमीवर ०.१ म्हणजे १०८० मिमीवर नऊपट, ०.९. तुमचा आकडा तोच आहे. जुन्या माणसांना हे पाठ असतं, विटेचा थर सरळ घ्यायचा तर दोरी भिंतीच्या दोन टोकांना बांधतात, एकाच कोपऱ्यात दोन खुंट्या ठोकून पलीकडची भिंत कुणी सरळ केली नाही.

म्हणून फ्रेमचे बिंदू फिक्चरच्या चार टोकांना न्या, जेवढे लांब तेवढे चांगले, पार्टच्या बाहेर गेले तरी चालेल, बाहेरच बरे. आणि पॉइंटर सोडा. फिक्चरवर पक्के चार-पाच गोळे बसवून घ्या, टूलिंग बॉल म्हणतात त्यांना, लेझर ट्रॅकरवाले दीड इंची म्हणजे ३८.१ मिमीचा गोळा वापरतात तोही चालतो, फक्त स्कॅनरला दिसेल असा पृष्ठभाग पाहिजे, चकचकीत आरशासारखा असेल तर लेझर भरकटतो. हे गोळे एकदा सीएमएमवर किंवा ट्रॅकरनं कार लाइनमध्ये मोजून घ्या, फिक्चरच्या पिना आणि पॅडांपासून. मग रोबोटनं तेच गोळे स्कॅन करायचे, सॉफ्टवेअर हजारो बिंदूंवरून गोळ्याचा मध्य काढतं, त्यात हाताचा थरथराट राहत नाही. पाचपैकी चार गोळ्यांवर जुळवणी करा आणि पाचवा मुद्दाम बाहेर ठेवा, जुळवणी झाल्यावर तो कुठं पडला ते पाहा. जुळवणीत घेतलेले बिंदू नेहमी चांगलेच दिसतात, त्यांची साक्ष ग्राह्य धरायची नसते, बाहेर ठेवलेला पाचवाच खरं बोलतो.

अजून एक, कोनाचे आकडे हातानं टाइप केले असतील तर किती दशांश घेतले ते बघा. गाडीचा शून्य पुढं अडीच मीटरवर आहे, तिथून फिरवलेला ०.०२ अंश तुमच्या पार्टजवळ येईपर्यंत ०.८७ मिमी होतो. दोन दशांशांवर गोल केलेला कोन सुद्धा ०.२ मिमीपर्यंत खाऊन जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. शक्य असेल तर फ्रेम पार्टजवळ बांधा आणि तिथून कार लाइनचं सरकवणं नुसत्या अंतरानं करा.

आणि पार्ट कुठं टेकतो ते सीएमएम आणि रोबोट दोघांकडं एकच पाहिजे. ड्रॉइंगवर डेटम, म्हणजे माप जिथून धरायचं त्या जागा, दिलेले असतात, तीन पॅड, एक गोल भोक, एक लांबट भोक. तीन पॅड पार्टला वरखाली जाऊ देत नाहीत आणि दोन बाजूंना कलू देत नाहीत, गोल भोकातली पिन दोन दिशांनी धरते, लांबट भोकातली पिन फक्त फिरणं अडवते, झाल्या सहाच्या सहा वाटा बंद. यालाच तीन-दोन-एक म्हणतात, भोकांऐवजी कडा धरल्या तर मोजणी तशीच तीन अधिक दोन अधिक एक अशी येते. चौथा पॅड देऊ नका, दिला तर पार्ट कुठल्या तीनवर बसेल हे रोज बदलतं, चार पायाचा पाट उंचसखल जमिनीवर डुगडुगतो तसा.

हे मी पोटतिडकीनं सांगतो कारण माझ्या हातून एकदा दोन शिफ्टचा माल अडकला होता. एका कारखान्यात दरवाज्याजवळचा पार्ट सारखा ०.३-०.४ नं कललेला येत होता, मी दोन दिवस फ्रेम शिकवत राहिलो, कॅड, म्हणजे कॉम्प्युटरमधलं ड्रॉइंग, बदललं, टीसीपी पुन्हा काढला, आणि शेवटी सफाई करणाऱ्या मावशींनी पॅडवरून फडकं फिरवताना म्हटलं की साहेब इथं बोटाला लागते. वेल्डिंगचा स्पॅटर, म्हणजे उडून चिकटलेला थेंब होता, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. तेव्हापासून फ्रेमला हात लावायच्या आधी पॅडवर बोट फिरवतो.

प्रश्न : मी मलकापूरकडची, क्वालिटीत आहे. बेस्ट फिट केलं की रिपोर्ट सगळा हिरवा येतो आणि डेटमवर जुळवलं की दोन जागी लाल. वरून सांगतात बेस्ट फिटचाच पाठव. ते चूक आहे का? असेल तर कसं समजावून सांगू?

उत्तर : ताई, चूक आहे, आणि तुम्हाला ते खटकलं याचा अर्थ तुमची नजर बरोबर आहे.

बेस्ट फिट म्हणजे सॉफ्टवेअर पार्टला हवेत धरून असं सरकवतं-फिरवतं की सगळ्या बिंदूंच्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी. त्याला पार्ट गाडीत कुठं बसतो याच्याशी देणंघेणं नाही. समजा चार भोकं आहेत, तीन तंतोतंत आणि चौथं ०.८ मिमी सरकलेलं, टॉलरन्स, म्हणजे चालणारी चूक, ०.७. डेटमवर चौथं ०.८, नापास. बेस्ट फिट काय करतं तर ती ०.८ ची चूक चौघांत वाटतं, फिरणं सोडून नुसतं सरकणं धरलं तरी तीन चांगली भोकं ०.२ नं बिघडतात आणि चौथं ०.६ वर येतं, पास. पार्ट तोच, स्टील तेच, भोक जागचं हललं नाही, फक्त चांगल्या तिघांनी वाईटाचं ओझं उचललं. पण लाइनवर पार्ट पिनवरच बसतो, हवेत बसत नाही, तिथं बोल्ट लागणार नाही आणि तो रिपोर्ट तुमच्या सहीचा असेल.

समजावताना वाद घालू नका, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि तो लाल पार्ट हातात घेऊन समोरच्या पार्टवर बसवून दाखवा, किंवा चेकिंग फिक्चरवर पिन घालून दाखवा. मी पाहिलं आहे, रंगीत कागदावरून जे मिटत नाही ते पिन अडकली की मिटतं. आणि रिपोर्टच्या वरच्या ओळीत जुळवणी कशावर केली ते लिहायची सवय पाडा, "डेटम ए, बी, सी" किंवा "बेस्ट फिट", कारण हे न लिहिलेला मापाचा रिपोर्ट म्हणजे गट नंबर न लिहिलेला सातबारा.

बेस्ट फिटला मात्र मी सरसकट नाव ठेवणार नाही. डाय ट्रायआउटला, म्हणजे नवा साचा आजमावताना, पत्र्याचा आकार कसा आला, स्प्रिंगबॅक कुठं आहे, म्हणजे दाबल्यावर पत्रा कुठं मागं उसळतो, ते पाहायला तोच बरा. ओतीव कास्टिंगमध्ये सगळीकडून मशीनिंगला माल पुरेल का ते पाहायलाही तोच लागतो. आणि स्कॅन कॅडच्या जवळ आणायला पहिलं पाऊल म्हणून तर रोज वापरतात, ढोबळ जुळवणी बेस्ट फिटनं, शेवटची डेटमवर. फक्त सॉफ्टवेअरमध्ये स्केलचा टिक लागलेला नाही ना ते पाहा, तो लागला तर सॉफ्टवेअर पार्ट लहानमोठा करूनही जुळवतं, आणि मंग कुठलीच चूक दिसत नाही.

प्रश्न : बल्लारपूरकडून लिहितो. आमच्या शेडमध्ये सकाळच्या शिफ्टला माप जुळते अन् उन्हाळ्यात दुपारी तीननंतर सगळे लांब अॅल्युमिनिअमचे पार्ट मोठे दाखवते. रोबोट तापला म्हणून होते का?

उत्तर : रोबोट तापतो हे खरं, पण दादा, आपल्या भागात आधी पार्टच तापतो.

जगभर लांबीचं माप २० अंश सेल्सिअसला धरायचं असं ठरलेलं आहे, १९३१ पासून. ड्रॉइंगवरचा प्रत्येक मिलिमीटर २० अंशांचा असतो. स्टील एका मीटरला एका अंशामागं साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, अॅल्युमिनिअम त्याच्या दुप्पट, २३ मायक्रॉन. तुमचा पार्ट १४०० मिमीचा धरला आणि शेडमध्ये ४४ अंश धरले, चंद्रपूर भागात मे महिन्यात हे काही नवल नाही, तर २४ अंश जादा, पार्ट ०.७७ मिमीनं वाढला. खालचं स्टीलचं फिक्चर तेवढ्याच लांबीत ०.३९ नं वाढलं. दोघांतला फरकच ०.३८ मिमी, म्हणजे पिन घुसायला त्रास, आणि चार-पाच गोळ्यांवर केलेली जुळवणी गोळे फिक्चरसोबत पसरल्यामुळं अजून वेगळी बिघडते.

इथं मला लॅम्टन आठवतो. विल्यम लॅम्टन, हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमिती मोजणी ज्यानं १८०२ मध्ये मद्रासपासून सुरू केली तो, १८२३ च्या जानेवारीत काम करता करता आमच्या हिंगणघाटातच वारला, त्याची कबर इथं आहे. मद्रासला पहिली बेसलाइन मोजताना त्यानं शंभर फुटी पोलादी साखळी उघड्या उन्हात टाकली नाही, लाकडी पेट्यांत ठेवली, वर तंबू धरले, सोबत थर्मामीटर ठेवले आणि उष्णतेनं साखळी किती वाढली ते हिशोबात धरलं. शंभर फुटांची पोलादी साखळी एका अंशाला एक तृतीयांश मिलिमीटरहून थोडी जास्तच वाढते, आणि अशी साखळी शेकडो वेळा टाकत मैलोन् मैल जायचं होतं. दोनशे वर्षांपूर्वी तंबूत जे केलं ते आपल्या शेडमध्ये करायला काय अडचण आहे, पार्टला चिकटवायचा थर्मामीटर तर आता स्वस्त मिळतो.

तर करायचं असं. पार्ट वेल्डिंगवरून किंवा वॉशिंगवरून आला की लगेच मोजू नका, फिक्चरजवळ ठेवू द्या, दोघांचं तापमान एक होऊ द्या. पार्टचं आणि फिक्चरचं तापमान वेगवेगळं लिहा आणि सॉफ्टवेअरला धातू कुठला ते सांगा, ते २० अंशांवर आणून देतं. वर स्केलचा टिक काढा म्हणालो तो हिशोबाशिवायचा स्केल, हा मोजलेल्या तापमानाचा आहे, तो पाहिजेच. आणि कूलर. सगळीकडं पाहतो, माणसाला बरं वाटावं म्हणून मोठा कूलर लावतात आणि त्याचा झोत बरोबर फिक्चरच्या एका टोकावर येतो, एक टोक ३० वर दुसरं ४० वर, अशानं फिक्चर वाढतं तेवढंच नाही, वाकतंसुद्धा, त्याला कुठलाच हिशोब पुरत नाही. कूलर माणसांकडं वळवा. रोबोटचं म्हणाल तर शिफ्ट सुरू झाल्यावर अर्धा तास रिकामा प्रोग्राम फिरवून घ्या, गिअर अन् मोटर गरम होऊन हात लांबीला स्थिर झाला की गोळे स्कॅन करा आणि मगच पहिला पार्ट लावा. दुपारी पुन्हा एकदा गोळे. नवतपात मी दर दोन तासांनी करायचो.

प्रश्न : आमचं आर्णी रोडवर ट्रॅक्टर ट्रॉलीचं छोटं वर्कशॉप आहे. रोबोट वगैरे काही नाही. पण ट्रॉलीचं एका बाजूचं टायर लवकर घासते अशी गिऱ्हाईकांची तक्रार येते. तुमच्या लिखाणातलं आमच्या कामाचं काही आहे का?

उत्तर : आहे ना जी, सगळंच आहे. तुम्ही अॅक्सल कशावरून जुळवता ते विचारतो. बरेच जण ट्रॉलीच्या पत्र्याच्या कडेवरून गुण्या लावून अॅक्सल मारतात. पत्रा वेल्डिंगनं ओढला गेलेला असतो, ती कडा सरळ नसते, आणि ट्रॉली रस्त्यावर पत्र्याच्या मागं जात नाही, ती ज्या भोकात ट्रॅक्टरची पिन लागते त्या भोकाच्या मागं जाते. तुमचं डेटम ते भोक आहे.

त्या भोकाच्या मध्यापासून स्टीलच्या टेपनं, दोरीनं नको, दोरी ताणली की वाढते, अॅक्सलच्या डाव्या टोकापर्यंत मोजा आणि उजव्या टोकापर्यंत मोजा. दोन्ही अंतरं एक आली आणि दोन्ही टोकं भोकाच्या मध्यरेषेपासून सारखी दूर असली की अॅक्सल काटकोनात आहे. दोन-तीन मिमीच्या आत आणा. टॅक मारून पुन्हा मोजा, पूर्ण वेल्डिंग झाल्यावर तिसऱ्यांदा मोजा, कारण वेल्ड थंड होताना ओढतोच. चेसिस जमिनीवर ठेवताना तीन ठोकळ्यांवर ठेवा, चारवर नको, कारण वर सांगितलंच. टायर तरीही घासलं तर हवेचा दाब अन् बेअरिंग पाहा, पण आधी हे.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यातली, पॉलिटेक्निक दुसरं वर्ष. यात जायचं असेल तर गणित किती लागतं? क्वाटर्नियन ऐकून भीती वाटते. इंग्रजीही कच्चं आहे.

उत्तर : बेटा, भीती घालवायला आधी हाताशी असलेली काड्याची पेटी घे. टेबलाच्या लांबीला एक्स म्हण, रुंदीला वाय. पेटी एक्सभोवती पाव फेरा फिरव मग वायभोवती पाव फेरा. पुन्हा सुरुवातीला आण आणि उलट क्रमानं कर. पेटी वेगळी पडते. शेकडो तास कारखान्यांत याच एका गोष्टीनं जातात, कारण प्रत्येक रोबोट कंपनी फिरणं वेगळ्या तऱ्हेनं लिहिते. फानुक डब्ल्यू, पी, आर लिहितं, एक्स वाय झेडभोवतीचे कोन. कुका ए, बी, सी लिहितं, पण त्यात ए हा झेडभोवतीचा आहे आणि सी एक्सभोवतीचा, म्हणजे फानुकचे तीन आकडे उलट्या क्रमानं लिहिले की कुकाचे होतात. एबीबी चार आकडे लिहितं, तेच क्वाटर्नियन. युनिव्हर्सल रोबोट्स फिरण्याची दिशा आणि फेरा एकाच सदिशात लिहितं, आणि अंतर मीटरमध्ये. क्वाटर्नियन म्हणजे फक्त कुठल्या आसाभोवती किती फिरलं हे चार आकड्यांत बांधलेलं, एवढंच समजून आत्ता पुढं जा.

गणित मॅट्रिक्सचं लागतं, तीन बाय तीन फिरण्याचं आणि त्याला एक स्तंभ सरकण्याचा जोडून चार बाय चार. रोबोटच्या सांध्यांना असं साखळीत लिहायची रीत डेनाविट आणि हार्टेनबर्ग यांनी १९५५ मध्ये दिली, ती तुझ्या अभ्यासक्रमात येईल. दोन बिंदूसंचांची जुळवणी सूत्रानं एका झटक्यात कशी करायची हे १९८७ मध्ये अरुण, हुआंग आणि ब्लॉस्टाइन यांनी मांडलं, त्याच वर्षी हॉर्न यांनी क्वाटर्नियननं तेच केलं. कुठला बिंदू कुठल्याशी जोडायचा हेच माहीत नसेल तर जवळचा जवळच्याशी जोडत पुन्हापुन्हा जुळवायची रीत १९९२ ची, बेस्ल आणि मॅके यांची, स्कॅनरची सॉफ्टवेअरं तीच किंवा तिची नातलग वापरतात.

कॉलेजच्या कॉम्प्युटरवर पायथॉन फुकट टाकता येतं. खोलीच्या एका कोपऱ्याला शून्य धर, टेपनं पाच वस्तू मोज. मग दुसऱ्या कोपऱ्याला शून्य धरून त्याच पाच पुन्हा मोज. आता पहिल्या आकड्यांवरून दुसरे काढायचा प्रोग्राम लिही, किती मिमीनं चुकतं ते बघ. दहा ओळींचा आहे. एक ठेच लागेल ती सांगून ठेवतो, कधीकधी उत्तर आरशातलं येतं, डावं उजवं होतं, तेव्हा मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट उणे एक आलेला असतो, तो अधिक एक करून घ्यायचा. गाडीचे डावे-उजवे पार्ट आरशातलेच असतात, म्हणून कारखान्यातही ही ठेच खरी लागते. इंग्रजीचं म्हणशील तर या कामातले शब्द तीन-चारशे असतील, रोज दहा लिहून काढले तर दिवाळीपर्यंत होतात, मीही तसेच शिकलो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून.

प्रश्न : फोर्कलिफ्टचा धक्का रोबोटच्या सेलला बसला. दिसायला सगळं ठीक आहे. सगळी जुळवणी पहिल्यापासून करायची का? लाइन थांबवायला साहेब तयार नाहीत. (देवळी, वर्धा)

उत्तर : पहिल्यापासून नको, आधी काय हललं ते शोधा. पार्ट न लावता फक्त फिक्चरवरचे गोळे स्कॅन करा आणि धक्क्याच्या आधीच्या आकड्यांशी ताडून पाहा. गोळ्यांची आपसातली अंतरं तीच आणि सगळे मिळून एकसारखे सरकले-फिरले असतील तर रोबोटचं बूड किंवा फिक्चरचं टेबल हललं, फक्त यूजर फ्रेम नव्यानं घ्या, अर्ध्या तासाचं काम. एकच गोळा वेगळा गेला असेल तर तो गोळा किंवा तो कोपरा वाकला, फिक्चर काढून सीएमएमवर न्या. अंतरं सगळीच थोडीथोडी बिघडली असतील तर स्कॅनर हातावर सरकला असेल : एकच गोळा पाचसहा वेगळ्या कोनांतून स्कॅन करून बघा, मध्य एका जागी येत नसेल तर टीसीपी गेला, तो नव्यानं काढा आणि त्यानंतरच फ्रेम. क्रम उलटा करू नका, टीसीपी चुकीचा असताना घेतलेली फ्रेम त्या एका कोनापुरती बरोबर दिसते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पार्टवर फसवते. रोबोट त्याच जागी पुन्हापुन्हा ०.०५ मिमीच्या आसपास येतो हे खरं, पण ती त्याची पुनरावृत्ती झाली, नव्या जागी सांगितलेल्या आकड्यावर नेमका जाणं वेगळं, तिथं कॅलिब्रेट न केलेला रोबोट मिलिमीटरभरही चुकू शकतो. म्हणून साहेबांना सांगा की लाइन थांबवायची नाही, एका पार्टची वेळ द्या, गोळे बघून सांगतो. आणि बेसचे बोल्ट, टॉर्क रेंच लावून, आजच.